पदराचा हात

आमच्या भांडुपच्या घरी सकाळी सातला भोंगा ऐकू यायचा. खाली मोठ्या रस्त्यालगत लोखंडी सामानाचा एक कारखाना होता, त्याचा. आमच्या टेकडीवरचे लोक त्यावर घड्याळं लावायचे. आमच्या घरी त्या भोंग्यावर माझे सासरे उठायचे आणि कामाला निघायचे. त्यांची गिरणी लालबागला होती, ती कधीच बंद पडली होती, आणि तिथली खोली विकून आम्ही भांडुपला आलो त्यालाही बराच काळ लोटला होता. पण त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट पुसली जात शेवटी एवढंच उरलं होतं, की भोंगा झाला की पाळीवर हजर व्हायचं. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणाचा विसर आहे, याला औषध नाही, सांभाळा. हा 'सांभाळा' शब्द डॉक्टर लोक नेहमी घरातल्या बाईकडे बघून म्हणतात.

नवरा उजाडायच्या आत कामावर जायचा. सातच्या सुमारास खाली नळाला पाणी यायचं, म्हणून सासूबाई हंडे घेऊन रांगेत असायच्या. उरले मी. मला अंधेरीच्या ऑफिसला निघायचं असायचं, डबे भरायचे असायचे, आणि भोंगा झाला की हातातलं टाकून दारात जाऊन उभं राहायचं असायचं. एकदा ते निसटले होते, ते संध्याकाळी कुर्ल्याला सापडले. अनवाणी, पाय रक्ताळलेले, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेले. पुन्हा निसटले तर एखाद्या ट्रकखालीच सापडतील, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

सासरे अंगानं दांडगे. माझं डोकं जेमतेम त्यांच्या छातीपर्यंत यायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर आणि मध्ये चार हात अंतर, हा घरचा रिवाज. ते माझ्याशी थेट कधी बोलत नसत. आभाळ भरून आलं की भिंतीकडे बघून म्हणायचे, "छत्री घेवन जावचा." बाजारातून आले की दाराच्या चौकटीला सांगायचे, "कोणाक तरी बांगडो आवडना नाय, तेंच्यासाठी सुरमईची तुकडी आणलंय." मला हे फार आवडायचं. माझ्या स्वतःच्या वडिलांनीही माझ्या आवडीनिवडीची एवढी दखल कधी घेतली नव्हती. आणि हाच माणूस आता रोज सकाळी माझं मनगट आवळायचा नि म्हणायचा, "बाजूक सर. भोंगो झालो." ते माझ्याशी थेट बोलले ते हे असं.

मी हात मागे ओढायचे, ते पुढे ओढायचे. शेवटी बांगड्या फुटायच्या, काच मनगटात शिरायची, आणि मी दाराला पाठ लावून त्यांचा जोर ओसरायची वाट बघायचे. सासूबाई पाणी घेऊन वर आल्या की जमिनीवरच्या काचा बघून म्हणायच्या, "फुटली म्हणू नये गो, वाढवली म्हणूक व्हयी." मनगटाचं काय झालं, हे त्या विचारत नसत. मी टायपिस्ट होते. सुजलेल्या मनगटानं दिवसभर टाइप करायचं म्हणजे काय असतं ते सांगून कळणार नाही. साहेब म्हणायचे, हल्ली चुका फार होतायत. मी म्हणायचे, मशीन जुनं झालंय. तेव्हा मला सदा झोप यायची. बसमध्ये, जेवताना, साहेब पत्र सांगत असताना.

दुपारी तीनला दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायचा. तेव्हा घरी सासूबाई एकट्या. त्या कसं निभावतात हे मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तेही माझ्याच अंगावर आलं असतं. एका रविवारी नवरा वडिलांना अंघोळ घालत होता. तो मोरीतून बाहेर आला तो तसाच टॉवेल घेऊन उभा राहिला. वडिलांच्या घोट्यावर काळानिळा वळ होता. रोज दुपारी सासूबाई जुन्या लुगड्याच्या पट्टीनं त्यांचा पाय पलंगाला बांधत होत्या. त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मगे काय करू? माका ओढून नेतत."

ही बातमी बोरिवलीच्या मोठ्या दिरांपर्यंत गेली. ते आले, चहा प्यायले आणि निकाल देऊन गेले. "गणपतीला गावी नेऊ आणि तिकडेच ठेवू. आई पण राहील. मागच्या खोलीला बाहेरून कडी आहे. इथं तुमची वाट लागलीय, बघतोय ना मी." नवरा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मला दिरांचा राग आला. त्याहून जास्त राग याचा आला, की क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. मग ती खोली डोळ्यांपुढे आली. गुराला आपण रात्री बांधतो, पण सकाळी सोडतो तरी. इथं सोडायचा बेतच नव्हता.

त्याच सुमारास ऑफिसातली एक मैत्रीण मला वाकोल्याला घेऊन गेली. तिथल्या जुन्या गावठाणात चर्चच्या मागे एक हॉल होता. शनिवारी अर्ध्या दिवसानं ऑफिस सुटलं की तिथं एक गृहस्थ आयकिडो, म्हणजे स्वतःचा बचाव करायची जपानी विद्या, शिकवायचे. ते तिथलेच, गावठाणातले. पूर्वी बोटीवर नोकरीला होते, आणि बोट दुरुस्तीसाठी जपानच्या बंदरात अडकली की तेवढ्या मुदतीत तिथं शिकत गेले होते. उंचीनं माझ्याहून बोटभर जास्त. आम्ही त्यांना सर म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या बायकांना विचारलं, "कोणाची भीती वाटते?" सगळ्या म्हणाल्या, गुंडांची. मीही म्हणाले, गुंडांची. सासऱ्यांची, असं कुठल्या तोंडानं सांगणार?

सुरुवातीला नुसतं पडायला शिकवायचे. खांदा आत घेऊन गादीवर लोळण घ्यायची आणि उठायचं. बाकीच्या बायका पडायला घाबरत. मी मात्र आनंदानं पडायचे आणि उठायला वेळ लावायचे. आठवडाभरात दिवसाउजेडी आडवं व्हायला मिळे ते तेवढंच. वर पंखा कुरकुरत असे, गादीला ओलसर वास असे, आणि त्या क्षणी कुणाला माझ्याकडून काही नको असे. सर कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "उठ गो बाय, झोपायला आलीस काय?" खरं सांगायचं तर, हो.

मला जोडी दिली ती एका गॅरेजवाल्याची. पन्नाशीचा, केस पिकलेला, मान बैलासारखी. त्यानं माझं मनगट धरलं आणि मी सवयीनं मागे ओढलं. सर ओरडले, "खेचू नको! खेचाखेचीत जो मोठा तोच जिंकणार, ते शिकायला इथं कशाला यायचं? त्यानं तुझा हात धरलाय ना? मग त्याचाच हात गुंतलाय. तुझं बाकीचं अंग मोकळं आहे." मग त्यांनी मला जागेवर करून दाखवलं. धरलेला हात सोडवायचाच नाही. कोपर पोटाशी घ्यायचं, एक पाय त्याच्या पायाशेजारी टाकायचा आणि वळून त्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. तो जिकडे बघतोय तिकडेच आपण बघायचं. "मोठा माणूस हाताच्या अंतरावर सगळ्यांत मोठा असतो," सर म्हणाले. "एक तर लांब राहा, नाहीतर अगदी चिकटून जा. मध्ये उभी राहिलीस की मेलीस."

मी वळले. गॅरेजवाला माझ्या शेजारी आला आणि त्याच्या हातात एकदम ओढण्यासारखं काही उरलंच नाही. स्वतःच्याच जोरानं तो पुढे झोकांडला. मी काही केलं नव्हतं, फक्त अडवायचं सोडलं होतं. सर उगाच फुशारकी मारणाऱ्यांतले नव्हते. पळता येत असेल तर आधी पळा, हा त्यांचा पहिला धडा होता. पण लहान चणीच्या माणसाला एक फायदा असतो, असं ते म्हणायचे. जोरावर जिंकता येणार नाही हे त्याला जन्मापासून माहीत असतं, म्हणून तो लवकर शिकतो.

माझं एकच अडायचं. वळताना दुसरा हात त्याच्या कोपराखाली न्यायचा असे, आणि माझा तो हात नेमका वर, डोक्याकडे जायचा. दर वेळी. सर म्हणाले, "तो हात डोक्यावर कशाला? डोकं दुखतं?" मैत्रीण फिसकन हसली. मी बहिणीचा पंजाबी ड्रेस घातलेला, ओढणी कमरेला बांधलेली, डोक्यावर काहीच नव्हतं. पण वयानं मोठा पुरुष जवळ आला की हात पदर सावरायला निघायचा. नसलेला पदर. मलाही हसू आलं, आणि घरी जाताना बसमध्ये रडू आलं.

घरी करून बघायचा धीर व्हायला बरेच शनिवार गेले. एका सकाळी भोंगा झाला, सासऱ्यांनी मनगट धरलं, आणि मी शिकल्याप्रमाणे पाय पुढे टाकला. जवळ गेले तसा पदर घसरला. हात वर गेला. तेवढ्यात त्यांनी हिसका दिला, मी दाराच्या कडीवर आपटले आणि भुवईपाशी फुटलं. सासरे रक्ताकडे बघत राहिले आणि भिंतीला म्हणाले, "कोणाक तरी लागला." त्या दिवशी ते पाळीवर जायचं विसरले. मी तोंड धुतलं, पट्टी लावली आणि ऑफिसला गेले. साहेबांना सांगितलं, पाय घसरला.

पुढच्या शनिवारी सर माझ्या भुवईकडे बघत होते, पण विचारलं भलतंच. "तू सगळं करतेस, शेवटी पाडत का नाहीस? गॅरेजवाला काय काचेचा आहे?"

"पाडलं तर मोडतील," मी म्हणाले. "हाडं म्हातारी आहेत."

 मग मी सगळंच सांगून टाकलं. भोंगा, दार, पाय बांधणं, गावची खोली. मला वाटलं ते म्हणतील, हे यासाठी नसतं. ते गादीच्या कडेला बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "मग पाडायचं कशाला? सोबत चाल. त्यांना जायचंय ना, थोडं जाऊ दे. पण शेजारी राहून. एकदा पावलं जुळली की वळवायला जोर लागत नाही. आणि हे बघ बाय, दोन्ही हात लागतील. डोकं झाकायचं की त्यांना धरायचं, ते तू ठरव."

सांगायला सोपं होतं. त्यांना काय, गावठाणात कोण पदर घेतंय? पण आठवडाभर ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. मला कळत होतं की इतकी वर्षं मी अगदी चुकीच्या जागी उभी होते. घरचा रिवाज मला सासऱ्यांच्या जवळ जाऊ देत नव्हता आणि दार मला लांब जाऊ देत नव्हतं, म्हणून मी नेमकी हाताच्या अंतरावर अडायचे, जिथं त्यांचा हात सगळ्यांत जड पडत होता.

मग ती सकाळ आली. भोंगा झाला, मनगट धरलं गेलं. मी आत शिरले, वळले, पदर खांद्यावरून खाली कोपरापर्यंत आला आणि मी तो येऊ दिला. दुसरा हात त्यांच्या कोपराखाली गेला. मी पहिल्यांदाच त्यांच्या इतक्या जवळ होते. त्यांच्या अंगाला साबणाचा आणि तंबाखूचा वास होता. दारातून बाहेर बघितलं, त्यांना दिसतं ते मला दिसलं. पायऱ्या, गल्ली, डबे घेऊन उतरणारी माणसं. सगळे कामाला निघालेत आणि एक बाई दार अडवून उभी. मीही ओढलंच असतं.

"चला," मी म्हणाले. आम्ही उतरलो. ते भराभर चालत होते, मीही. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, तिथं रस्ता रुंद होता, आणि मी चालता चालता जराशी डावीकडे कलत राहिले. ते माझ्याबरोबर कलले. मोठा वळसा घेऊन आम्ही परत त्याच गल्लीत शिरलो आणि त्यांना कळलंही नाही. घरी येऊन पलंगावर बसले, म्हणाले, "आज पाळी लवकर सुटली." मनगटावर बोटांचे वळ नव्हते. बांगड्या जागच्या जागी होत्या.

नळाच्या रांगेनं अर्थातच सगळं पाहिलं होतं. सून सासऱ्याच्या हातात हात घालून, उघड्या डोक्यानं गल्लीतून मिरवतेय. सासूबाई हंडा न भरताच वर आल्या. "लाज सोडलंस काय गो? सासऱ्याच्या आंगाक हात लावतंस? थंय बायका तोंडार पदर घेवन हसतत माका!"

एरवी मी ऐकून घेतलं असतं. त्या दिवशी माझी सहनशक्ती संपली होती. "हात लावायचा नाही, मग बांधायचं?" मी म्हणाले. "बांधलेलं बघून कुणी हसत नाही, कारण दार लावून बांधता. गावी कडी लावतील तेव्हाही कुणी हसणार नाही. तुम्हाला बसायचंय त्या कडीच्या बाहेर? सांगा, मी उद्यापासून डोक्यावर पदर घेऊन चार हात लांब उभी राहते."

त्या हंडा घेऊन परत खाली गेल्या. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

तसंच रोज सकाळी चालू राहिलं. दुपारचा पाय मात्र बांधलेलाच. गणपती जवळ येत होते, दिरांनी गावी चुलतभावाला निरोपही धाडला होता. एका शनिवारी मी वाकोल्याला गेलेच नाही, ऑफिस सुटल्यावर सरळ घरी आले. सासरे झोपले होते. सासूबाई मला म्हणाल्या, जणू मीठ मागावं तशा, "तू काय करतंस ता माका दाखव."

स्वयंपाकघरात दोन माणसांना वळायला जागा नव्हती. मी सासरे झाले आणि त्यांचं मनगट धरलं. काटकुळं, गरम मनगट. त्या माझ्याहूनही लहान होत्या. आधी त्यांनी माझ्यासारखंच मागे ओढलं, मग दुसरा हात डोक्याकडे नेला, मग स्वतःच थांबल्या आणि पदर कमरेला खोचला. जन्मभर ओट्यापाशी, मोरीपाशी, नळापाशी चिंचोळ्या जागेत वळत आलेली बाई. तिला वळायला शिकवावं लागलं नाही. पुढच्या खेपेला मी सरळ तांदळाच्या डब्यावर जाऊन आदळले. त्या घाबरल्या, मग इतक्या हसल्या की खोकला लागला. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं.

"पण लोकां काय म्हणतीत? घोवाचो हात धरून रस्त्यान?" त्यांनी विचारलं.

"म्हणतील," मी म्हणाले. 

तीनचा भोंगा झाला. सासरे उठले. त्यांनी बायकोचं मनगट धरलं, ती आत शिरली, वळली, आणि दोघं पायऱ्या उतरून गेली. मी खिडकीतून बघत होते. गल्लीतली पोरं ओरडत होती, एका बाईनं दुसरीला कोपरखळी मारली. सासूबाईंनी मान खाली घातली, पण हात सोडला नाही. परत यायला इतका वेळ लागला की मी दारात येऊन उभी राहिले. आले तेव्हा सासरे शांत होते आणि सासूबाई घामानं भिजल्या होत्या. लुगड्याची ती पट्टी पुढे पोतेरं झाली.

गणपतीच्या आधी दीर तिकिटं काढायचं ठरवायला आले. सासूबाई दारातच म्हणाल्या, "तेंका खंय नेव नको. मी फिरवतंय." दिरांनी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं माझ्याकडे, आणि मी गॅसवर दूध ठेवलं होतं ते बघायला आत गेले. तो विषय तिथं मिटला. सासरे शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिले. ते सोपं होतं असं मी म्हणणार नाही. दिवसातून दोनदा, थंडी असो, पाऊस असो, आम्हा दोघींपैकी कुणीतरी त्यांच्याबरोबर कामाला जायचं. मी वाकोल्याला जाणं पुढे बंद केलं. शिकायचं खूप राहिलं होतं, पण शनिवारी दुपारी सासूबाईंना जरा पडायला मिळावं असं मला वाटायला लागलं.

एकदा ऑफिसला सुट्टी होती आणि तरी सासूबाई म्हणाल्या, आज मीच जातंय. दोघं परत आली. सासरे आत जाऊन झोपले. सासूबाई पायरीवरच बसल्या, पाय चोळत. मी पाणी नेऊन दिलं आणि शेजारी बसले.

"लगीन झाला तेव्हापासून हेंच्या पाठसून चललंय," त्या म्हणाल्या. "बाजाराक, देवळात, गावच्या वाटेर. हे फुडे, मी पाठी. आता वांगडा, बरोबरीन चलतंय, तर हेंका ठावकच नाय बाजूक कोण आसा."

 "बोलतात का काही वाटेत?" मी विचारलं.

"बोलतत मगे. गिरणीतलो कोणतरी गडी समजतत माका. आज इचारी होते, 'तू खंयच्या खात्यात रे?'"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलंय, चुलीच्या खात्यात." त्यांनी पाणी पिऊन तांब्या माझ्या हातात दिला. "तर माका म्हणतत, 'थंय जाव नको रे बाबा. थंय सुट्टी नाय आणि पगार पण नाय.'"